आधी पगार सांगा

लस्त्रीबाईंच्या फोनवर तो निरोप आला तेव्हा त्या कारखान्यात सगळ्यांबरोबर जेवत होत्या. शेंगदाण्याच्या चटणीने माखलेलं बोट वर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उघडला.

"नमस्कार बू. मुलाखतीला बोलावलंत, आभारी आहे. फक्त येण्याआधी पगार किती आहे ते कळेल का? – लुकितो."

इंडोनेशियातल्या केदिरी गावच्या या कोळंबीच्या पापडांच्या कारखान्यात माणसं नेमण्याचं काम लस्त्रीबाई चौदा वर्षं करत होत्या; सगळे त्यांना बू, म्हणजे बाई, म्हणत. लोक मुलाखतीला घामाघूम होऊन आले होते, आईला घेऊन आले होते, एक जण तर चुकून शेजारच्या विटांच्या कारखान्यात मुलाखत देऊन आला होता. पण हे असं कोणी विचारलं नव्हतं.

"ऐका रे! अजून पायरी चढला नाही आणि पगार विचारतोय!"

"उद्या विचारेल, मालक जेवायला काय घालतात," ड्रायव्हर तुगिमान म्हणाला. सगळे हसले.

लुकितो बिचारा उद्धट नव्हता. तो दूर सुराबाया शहरात एका टाइल्सच्या गोदामात कामाला होता आणि बायको, तान्ही लेक केदिरीला सासूच्या घरी. शनिवारी रात्री तो यायचा. लेक रविवारभर त्याला बघून रडायची, संध्याकाळी ओळख पटून हसायला लागायची, आणि तेवढ्यात त्याची बस निघायची. नवरा-बायकोने हिशेब मांडला होता: गोदामप्रमुखाच्या या नव्या जागेला तेहतीस लाख रुपिया जरी मिळाले, तरी घरी येऊन राहणं परवडेल. (लाख ऐकून डोळे मोठे करू नका, बाळाच्या दुधाचा एक बरा डबा लाखाच्या पुढे जातो.) पण मुलाखतीसाठी खाडा केला की महिन्याचा हजेरी-बोनस बुडणार. असे दोन-तीन डबे पाण्यात घालण्याआधी माणसाने विचारावं, एवढीच गोष्ट.

"पण किती आहे हो पगार?" हसणं ओसरल्यावर तुगिमानने विचारलं. "मला काही नाही. आपलं सहज."

लस्त्रीबाईंना माहीत नव्हतं. आकडा मालक ठरवायचे आणि पगाराची बंद पाकिटं भरायची हिशेबनीस सेकार, ती समोरच जेवत होती. या कारखान्यात लोकांना एकमेकांची साखर, रक्तदाब, सासूशी झालेली भांडणं सगळं पाठ. पाकिटातला आकडा मात्र बायकोलाही थोडा कमी करूनच सांगायचा, अशी रीत.

"सेकार, आकडा नको सांगूस. बरा आहे का, एवढंच सांग."

"मला बोलता येत नाही बू. मालकांना शब्द दिलाय."

"बरं की वाईट, त्यात काय शब्द मोडतो?"

"म्हणजे... कमी नाही."

"कोणापेक्षा?"

सेकारने क्षणभर लस्त्रीबाईंकडे पाहिलं आणि घाईघाईने ताटातल्या काकडीकडे नजर वळवली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लस्त्रीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"आता माझ्याकडे बघ," तुगिमान म्हणाला. तिने पाहिलं. "मेलो," असं म्हणून तो उठला आणि गाडीत जाऊन बसला.

दुपारी पॅकिंगच्या मुकादमीणबाई स्टेपलर मागायला आल्या आणि चांगल्या उजेडात, सेकारला चेहरा नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या. मग बॉयलरवाला आला. त्याला तर काही मागायचंही सुचलं नाही, नुसताच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सेकार नवऱ्याचा काळा चष्मा लावून कामावर आली. "डोळे आलेत," ती म्हणाली. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं: ज्या आकड्यासाठी चष्मा लावावा लागतो, तो आकडा साधा नसणार.

लस्त्रीबाईंची झोप उडाली. मालक पाक (म्हणजे साहेब) सेतियादी माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे लस्त्रीबाईंनी रजा मागितली होती, पंखा मागितला होता, प्रिंटर मागितला होता. पण "मला किती देता आणि नव्याला किती देणार" हे कसं विचारायचं? त्या लाल होणार, मालक लाल होणार, आणि मग महिनाभर दोघं जिन्यात एकमेकांना चुकवत फिरणार. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की हे विचारायची लाज न वाटणारा एक माणूस जगात आहे, आणि त्याला त्यांनी अजून उत्तरसुद्धा पाठवलेलं नाही.

तिकडे रविवारी लुकितो घरी होता, तेव्हा सासूला त्या निरोपाचं कळलं.

"आधी पगार विचारलास? मग मुलाखतीला कशाला जातोस, बाजारात तराजू घेऊनच बस की! घालवलीस नोकरी!"

तेव्हा घाबरून त्याने लांबलचक माफी लिहून पाठवली. ती पोचते न पोचते तोच लस्त्रीबाईंचा फोन आला.

"मास लुकितो," – मास म्हणजे दादा – "तुम्ही यायचंच."

"येतो बू. चूक झाली. पुन्हा नाही विचारणार."

"अहो विचारा ना!"

"नाही बू. लाज वाटते."

"आता लाजून कसं चालेल? समोर बसून विचारा. मोठ्याने विचारा!"

लुकितोने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "रुमी, ही परीक्षा आहे. जो विचारेल तो बाद."

मंगळवारी तो खाडा करून आला. अंगात सासऱ्यांचा बाटिकचा सदरा, दंडात घट्ट. मुलाखतीत त्याला तीनदा चहा आला, तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून. तुगिमान बाहेरून खिडकीची काच पुसत होता. ती काच कारखाना बांधला तेव्हापासून कोणी पुसलेली नव्हती. पाक सेतियादींनी गोदामाचं सगळं विचारलं. ओल कशी ओळखता, उंदरांचं काय करता, जुना माल आधी कसा काढता. लुकितोने नीट उत्तरं दिली. मालक खूश झाले.

"आणि पगाराची काय अपेक्षा?"

खिडकीवरचं फडकं थांबलं.

"आपल्याला योग्य वाटेल ते, पाक," लुकितो म्हणाला.

"छान. मग आणखी काही विचारायचं नाही ना?"

"नाही, पाक."

"आहे," लस्त्रीबाई म्हणाल्या.

"नाही, बू!"

"आहे हो त्यांना! मला लिहून विचारलंय." लस्त्रीबाईंनी फोन टेबलावर ठेवला. लुकितोचा चेहरा पापडाच्या पिठासारखा पांढरा पडला.

"पाक, मी माफी मागितलीय! तेसुद्धा त्यात आहे, खाली!"

"माफी राहू दे. पाक, पगार किती ते सांगून टाका. बिचारा सुराबायाहून आलाय."

पाक सेतियादींनी चहाच्या पेल्यात बघितलं आणि एखादा आजार सांगावा तशा आवाजात सांगितलं, "चौतीस लाख."

लुकितोला समोरचं काही दिसेना. तेहतीस पुरत होते, आणि हे चौतीस. त्याला सोमवारची संध्याकाळ दिसत होती, आणि मंगळवारची, आणि लेक रोज त्याला ओळखत होती.

"चौतीस?" लस्त्रीबाई म्हणाल्या. "मला एकोणतीस मिळतात."

चौदा वर्षांत हा आकडा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होता. बहिणीने उसने मागू नयेत म्हणून तिलासुद्धा त्यांनी सत्तावीस सांगितले होते.

"मला चोवीस!" काचेपलीकडून आवाज आला.

मालक खरोखर ओशाळले. "पण बू, तुम्ही कधी काही बोललाच नाहीत. मला वाटलं, तुम्ही समाधानी आहात."

"समाधानाने नव्हे हो पाक. संकोचाने."

"मीही संकोचानेच विचारलं नाही," मालक म्हणाले. मग त्यांनी गार झालेला चहा संपवला. शेवटी ते म्हणाले, "ईद झाली की बघू." कुठली ईद, हे विचारायचा धीर कोणालाही झाला नाही.

लस्त्रीबाई लुकितोला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्याच्या हातात नोकरीचं पत्र आणि भेट मिळालेली पापडांची पिशवी होती आणि डोळे अजून ओले होते.

"बू, तुमच्यामुळे मी घरी आलो. तुम्ही विचारलं नसतंत तर मी आकडा न कळताच निघालो असतो."

"तिकडे किती मिळत होते?" लस्त्रीबाईंनी सरळ विचारलं.

"बावन्न. पण हातात काय राहतं? खोलीचं भाडं, दर आठवड्याची बस, बाहेरचं जेवण..."

"खोली आहे. माझी लेक सुराबायातच कॉलेजात आहे, तिच्या खोलीचं भाडं मीच भरते. दुसरी गादी मावेल तिथे. स्वयंपाक मी घरीच करते."

लुकितोला काही उमगेना.

"तुमची तिथली जागा आता रिकामी होणार ना, मास?"

"होणार, बू. पण... ते टाइल्सचं गोदाम आहे."

"चौदा वर्षं माणसं पारखतेय. टाइल फुटकी आहे की नाही एवढं कळणार नाही मला?" लस्त्रीबाईंनी फोन काढला. "तिथल्या मालकांचा नंबर सांगा. आणि हे बावन्न हातात येतात, की त्यातून काही कापतात?"