गौरजाचा पहिला तह

गौरजाला डॉक्टरेट मिळाल्याचे पेढे वाडीत सगळ्यांनी खाल्ले आणि पेढा तोंडात असतानाच प्रत्येकानं विश्राम परबाला विचारलं, की आता हिला नोकरी कसली लागणार. विश्राम पोस्टातून निवृत्त झालेला. काउंटरच्या जाळीमागं बसून जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेला माणूस, पण ह्या एका प्रश्नावर तो दुसरा पेढा पुढं करी. पोरीचा विषय राजनैतिक इतिहास. कुठल्या राजानं कुठल्या दरबारात वकील पाठवला, कोणी कोणाशी तह केला आणि तो आधी कोणी मोडला, ह्यावर तिनं दिल्लीत बसून उशीएवढा जाड प्रबंध लिहिला होता.

गौरजा स्वतः मात्र निर्धास्त होती. असल्या अभ्यासकांना परराष्ट्र खातं आहे, अभिलेखागारं आहेत, संग्रहालयं आहेत, विद्यापीठं आहेत, असं ती बापाला एकेक बोट उघडून सांगायची. मग हळूहळू बोटं मिटत गेली. परराष्ट्र खात्याला प्रबंध नको होता, वेगळी परीक्षा दिलेला माणूस हवा होता. अभिलेखागारातली जागा कंत्राटी निघाली आणि कंत्राटही संपत आलेलं. विद्यापीठाची भरती थांबलेली. तारकर्लीच्या एका रिसॉर्टवाल्यानं तिला किल्ला दाखवायला गाइड म्हणून विचारलं, पण पर्यटकांना हात धरून होडीत चढवायचं कामही तिनंच करायचं, अशी त्याची अट होती.

तिची आई विमला हे सगळं मुकाट्यानं बघत होती. एके दिवशी तिनं वेंगुर्ल्याला भावाला फोन लावला. भावाचा काजूचा कारखाना, आणि त्याच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी होती. सोमवारपासून गौरजानं त्या खुर्चीत बसायचं आणि आल्यागेल्या पोत्यांकडं लक्ष ठेवायचं, असं बोलता बोलता ठरूनही गेलं. विश्राम हे ऐकून ताडकन उठला. दिल्लीपर्यंत शिकवलेल्या पोरीनं पोत्यांवर नजर ठेवायची?

"तिच्या विषयातला काम दाखव माका," विमला शांतपणे म्हणाली. "एक दाखव. मगे मी भावाक नको म्हणान सांगतंय."

आणि काम तर शेजारीच पडलेलं होतं. रस्त्याला लागून विश्रामच्या चुलत भावाचं, लवूचं घर होतं. त्याच्या मागं दुसऱ्या चुलत भावाचं, गंगारामचं. आणि दोघांच्या कडेनं थेट रस्त्यापर्यंत गेलेली विश्रामची हापूसच्या कलमांची बाग. गंगारामनं आंब्याच्या वाहतुकीसाठी टेम्पो घेतला. टेम्पो घरापर्यंत न्यायचा तर लवूच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून न्यावा लागणार, म्हणून लवूनं खळ्याच्या तोंडावर जांभ्या दगडाचे चिरे रचले. लवूच्या घरी पाणी गंगारामच्या विहिरीवरून यायचं, म्हणून गंगारामनं पाइप उपटून गुंडाळून ठेवला. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. अगदीच काही सांगायचं झालं तर दोघंही ते लवूच्या कुत्र्याला मोठ्यानं सांगत. "तुझ्या धन्याक सांग, चिरे उचल," असं गंगाराम कुत्र्याला म्हणे, आणि आतून लवू ओरडे, "तेका सांग, आधी पाइप जोड." कुत्रा आपल्या बाजूनं बोलावा म्हणून दोघंही त्याला बिस्किटं घालत, त्यामुळं ह्या भांडणात तो एकटा चांगला बाळसेदार झाला होता.

"बाबा, हेका तटस्थ मध्यस्थ म्हणतत," गौरजा एकदा गंभीरपणे म्हणाली होती. त्या वेळी विश्रामनं ते कानाआड केलं, पण आता तेच त्याला आठवलं. कुत्र्याच्या जागी डॉक्टरेट झालेली पोरगी का नको? तो आधी गंगारामकडं गेला, मग लवूकडं, आणि पोरीची अशी काही तारीफ केली, की दोघंही बोलणी करायला तयार झाले.

बोलणी विश्रामच्या पडवीत ठरली आणि पहिल्याच बैठकीला खोळंबा झाला. आधी कोणी यायचं? आधी येईल तो गरजू ठरणार. गौरजानं ह्याचं उत्तर तिच्या इतिहासातून काढलं. पूर्वी असा पेच पडला की दोन बाजू दोन दरवाज्यांतून एकाच वेळी आत यायच्या. तसा गंगाराम पुढच्या दारानं आला आणि लवू मागच्या. मागचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं हे गौरजाच्या लक्षात राहिलं नाही. विमला जमिनीवर बसून बांगडे साफ करत होती, तिच्या डोक्यावरून धुतलेल्या लेंग्यातला दीर ढांग टाकून गेला. ती जी दचकली, ती दिवसभर सुधारली नाही. दुसऱ्या दिवशी लवूनं मागच्या दारानं यायला नकार दिला, म्हणून गंगाराम मागून आला आणि त्यानं सुरमईच्या तुकडीवर पाय दिला. तरीही बैठका चालू राहिल्या. पाणी सुरू करायचं, चिरे हलवायचे, कुत्र्याला दोन्ही घरांत मोकळीक, असं एकेक कलम मान्य होत गेलं.

अडलं ते टेम्पोच्या रस्त्यावर. लवू खळं द्यायला तयार नव्हता आणि गंगाराम टेम्पो सोडायला. तेव्हा गौरजानं लिहून टाकलं, की रस्त्याबाबत दोन्ही पक्ष सद्भावनेनं, परस्परांत विचारविनिमय करून मार्ग काढतील. दोघांनाही वाक्य फार आवडलं, कारण त्यात काहीच नव्हतं. विश्रामनं ते दोनदा वाचलं आणि त्याचा ऊर भरून आला. असलं वाक्य पोस्टातल्या मोठ्या साहेबालाही सुचलं नसतं.

बातमी मालवणपर्यंत गेली. किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होडीवाल्यांचे दोन गट पाळीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. त्यांचा माणूस मोटारसायकलवरून येऊन सांगून गेला, की हा समेट खरोखर टिकला आणि तुमची मुलगी घरच्यांकडंही न झुकता बोलते असं दिसलं, तर आमचं काम तिला देऊ, आणि पगारी देऊ. विमलानं चहा ठेवला आणि भावाला नको म्हणून सांगायला मोबाइल हातात घेतला, पण रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं.

रविवार का, तर कागद हा आमच्याकडं कागदच असतो. सह्या झाल्या तरी गोष्ट पक्की होते ती रवळनाथाच्या पुढ्यात, गाऱ्हाणं घातल्यावर. गावकार नारळ ठेवून देवाला सगळं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. मग ते फिरवायची कुणाची छाती नसते. गौरजाला ते लहानपणापासून माहीत होतं, पण तिच्या लेखी करार सह्यांनी संपला होता, देवळात आता फक्त प्रसाद उरला होता.

गाऱ्हाणं घालणारा महादू गावकार म्हातारा, पण त्याचा आवाज अजून पार खाडीपर्यंत जायचा. गंगाराम आणि लवू खांद्याला खांदा लावून उभे होते. ते दोघं सकाळी नारळ आणायला एकत्र गेले होते, ह्याचंच वाडीला कौतुक. विश्राम सगळ्यांत पुढं, डोळे मिटून, हात जोडून. आज त्याचा दिवस होता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या दोन भावांनी मन साफ करून तुझ्या पुढ्यात नारळ ठेयलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा," महादूनं सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. विश्रामचा आवाज सगळ्यांच्या वर.

"बंद झाल्ला पाणी वाहाता होवंदे, आडवे पडलेले चिरे बाजूक होवंदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि गंगारामाच्या गाडीची वाट आता विश्रामाच्या बागेतसून, इहिरीकडची कलमां काढून, सरळ रस्त्याक जावची ठरली आसा, ती बिनघोर होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," विश्राम गरजला. त्याच्या आवाजाचा घुमारा देवळाच्या छताला जाऊन परत आला, तेव्हा त्याला अर्थ लागला. त्यानं डोळे उघडले. जोडलेले हात तसेच राहिले, तोंड उघडं राहिलं, आणि महादू तोवर पुढच्या मागण्यावर, पोराबाळांच्या सुखावर गेलासुद्धा.

मोहोरानं लगडलेली, विहिरीकडची, बागेतली सर्वांत चांगली कलमं. विश्राम गंगारामच्या अंगावर धावून गेला, पण त्याला मधेच महादूनं अडवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. हे दोघं सकाळी येऊन सांगून गेले, आपण ते देवाला सांगितलं, आणि विश्रामनं स्वतः रुकार दिला.

"मी सवयीन म्हटलंय," विश्राम ओरडला.

"सगळ्यांत मोठ्यान म्हटलंस," महादू म्हणाला. "देव काय भयरो नाय."

वाडी मान डोलावत होती. सवयीनं म्हटलेलं देवानं धरायचं नाही असं एकदा ठरलं, तर आजवरच्या सगळ्या गाऱ्हाण्यांचं काय, ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर होती. गंगारामनं खुलासा केला, तोही अगदी प्रेमानं. मार्ग परस्परांत काढायचा असं कलम होतं. नारळ आणताना त्यांनी परस्परांत बघितलं, तर दोघांचंही काही न जाता निघणारा मार्ग तो एवढाच होता.

गौरजा देवळाच्या पायरीवर मटकन बसली. तिनं बापाला सांगितलं, की दोन वैरी एकत्र येतात ते बहुतेक वेळा तिसऱ्याच्या जमिनीवर, ह्यावर तिच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे.

"मगे तुका कळला कसा नाय?" विश्रामनं विचारलं.

"बाबा, प्रकरण युरोपावर होता," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

देवळाच्या आवारात मालवणचा होडीवाला मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. रस्ता कुठून, किती, कसा, हे विश्रामशी बोलणं आता भागच होतं, आणि आपल्या बाजूनं गौरजानंच बोलावं असं गंगाराम आणि लवूनं तिला तिथल्या तिथं सांगितलं. ती आमच्यात पडली, ती आमची, असं लवू म्हणाला. विश्रामनं ठणकावून सांगितलं, की ती आपली पोरगी आहे. त्यावर गंगाराम म्हणाला, "चेडू तुझा. वकील आमची."

गौरजानं होडीवाल्याकडं एकदा पाहिलं, बापाकडं एकदा. बापाच्या बाजूनं उभी राहिली तर ही बाई घरच्यांची, असं होडीवाला बंदरावर जाऊन सांगणार, आणि उद्या वेंगुर्ल्याची खुर्ची. न राहिली तर बापाची कलमं गेली. विश्रामलाही हे कळत होतं. त्याला वाटलं, ती निदान थोडी घुटमळेल. ती घुटमळली, पण फारच थोडी.

दुपारी पडवीत बैठक बसली. होडीवाला बघायला म्हणून आला आणि बाकावर टेकला. एका बाजूला गंगाराम आणि लवू, त्यांच्या मधोमध गौरजा. समोरच्या खुर्चीत विश्राम, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा. विमला दारात पदर तोंडाला लावून उभी. गौरजानं चष्मा सारखा केला.

"विश्रामराव, आपण आलात, आभारी आहोत," ती म्हणाली. "आपली बाजू आपण सविस्तर मांडावी."

विश्रामला कलमांचा धक्का बसला होता तो ह्यापुढं काहीच नव्हता. जन्मापासून ती त्याच्याशी मालवणीत बोलली होती. हे 'आपण' आणि 'मांडावी' तो स्वतः पोस्टाच्या जाळीमागून वापरायचा, अनोळखी माणसांशी, आणि तेही त्यांचं काम होणार नाही असं सांगताना. त्याला बोलायचं होतं एक आणि तोंडातून निघालं, की सदर कलमं उत्पन्न देणारी असून ती तोडणं अन्यायाचं होईल.

तिनं ते शांतपणे ऐकलं. मग एकेक मुद्दा घेतला. रस्ता सरळ नेण्याऐवजी बागेच्या कडेनं वळवला तर किती झाडं वाचतात, ते दाखवलं. जी जातील त्यांच्या बदल्यात दोन्ही भावांनी दुसरीकडं रोपं लावून ती फळ धरेपर्यंत शिंपायची, हे त्यांच्या गळी उतरवलं. गंगाराम कुरकुरला, तर त्याला एका वाक्यात गप्प केलं. विश्राम अडून बसला, तर त्यालाही तितक्याच गोड शब्दांत देवापुढं दिलेल्या रुकाराची आठवण करून दिली. ह्या पोरीला त्यानं कडेवर घेऊन ह्याच बागेत फिरवलं होतं. बाकावरचा होडीवाला मात्र पुढं सरसावून ऐकत होता, आणि मग त्यानं खिशातून मोबाइल काढून मंगळवारी सकाळची वेळ जमेल का, असं तिला हळूच विचारलं. विमला आत गेली आणि वेंगुर्ल्याला फोन लागल्याचा आवाज पडवीत ऐकू आला.

विश्राम घाम पुसत होता. विहिरीकडची दोन कलमं तेवढी अजून सुटत नव्हती. लवूला त्याची दया आली. तो पुढं वाकून कुजबुजला, "विश्राम, तुका एकट्याक हिच्याम्होरां जमाचा नाय. तूय तुझ्या बाजून कोणतरी शिकलेला माणूस बसय."

विश्रामनं खरोखर विचार केला. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, सगळीकडची ओळखीची माणसं डोळ्यांपुढून नेली. हे काम येणारं माणूस सबंध जिल्ह्यात एकच होतं. त्यानं समोर पाहिलं आणि ती दोन कलमं सोडून दिली.