फौजदारांचा माफीनामा

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून फोनवरून टाकलेला लेख जावयाने बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून चोरीचा ठरवला. मधे फक्त एक भिंत होती.

जावई तसा विमा कचेरीतला साधा कारकून. पण कुंड्यांतल्या बागकामाच्या एका ऑनलाइन गटाचा तो बिनपगारी राखणदार होता. जाहिराती हाकलायच्या, उचललेले लेख पकडायचे, हे काम तो इतक्या हौसेने करी की गटात सगळे त्याला 'फौजदार' म्हणत; त्याने गटात तेच नाव लावलं होतं आणि त्या नावाने स्वारी फुलून जाई. 'कुंडीवाली' नावाच्या कुणा बाईंचा सडलेल्या मुळांवरचा लेख त्याला एका जुन्या ब्लॉगवर शब्दन् शब्द सापडला, तेव्हा त्याला कोण आनंद झाला. खरं तर आधी लिहिणाऱ्याला विचारायचं असतं. पण चोराला काय विचारायचं? त्याने लेख काढला, बाईंना गटाबाहेर घालवलं आणि वर पाटी लावली, 'दुसऱ्याच्या घामावर बागा फुलवू नका.' लोकांनी भरभरून वाहवा केली.

रात्री सासूबाई पानावर बसल्या, पण घास उचलेनात.

"अहो, आईला कुणीतरी चोर म्हटलंय," बायको म्हणाली. "स्वतःच्याच ब्लॉगवरचा लेख टाकला होता तिने. दुपारपासून उपाशी आहे."

"कुठल्या गटात?" त्याने विचारलं खरं, पण घास तोंडातच फिरायला लागला होता.

"कुंड्यांच्या. तिथे कोण मेला फौजदार आहे म्हणे."

तो मेला समोरच बसला होता. त्याने कसंबसं कबूल केलं. सासूबाईंनी नुसतं ताट बाजूला सारलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"आई, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर माफी मागतो," म्हणून तो फोनकडे धावला. आधी त्यांना गटात परत घेतलं. पण शरमेने त्याला शब्द सुचेनात. शेवटी दुसऱ्या एका गटातला छानसा तयार माफीनामा उचलून त्याने डकवला. त्यानेच गटात मोठ्या कौतुकाने बसवलेल्या चोरी पकडणाऱ्या प्रोग्रामने तो लगेच पकडला.

सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "'फौजदार यांचा मजकूर चोरीचा आढळल्याने काढून टाकला आहे.'"

बायकोने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"जावईबापू, माफी तरी स्वतःची मागा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मग त्याने खाली मान घालून लिहिलं, 'लेख त्यांचाच होता. मी विचारलंच नाही. माझं चुकलं. त्या माझ्या सासूबाई आहेत, पण नसत्या तरी चुकलंच असतं.'

खाली एका दंतवैद्यांनी लिहिलं, 'तुम्ही काढलेला माझाही लेख माझाच होता हो.' पाठोपाठ एक शिंपी म्हणाले, 'माझासुद्धा.' मग रांगच लागली. फोन वाजतच राहिला, शेवटी जावयाने तो पालथा ठेवला. आपण पकडलेले चोर खरे किती होते, हे त्याला आता सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी ताट पुढे ओढून पहिला घास घेतला.

"उद्यापासून एकेकाला लिहायला घ्या," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला वेगळं लिहा. मी तपासणार आहे."