गिदोन अंकलच्या स्टिरिओची दातखीळ

“माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं आधीच ठरवून बसा. तुमचाही वेळ वाचेल आन् माझाही,” असं म्हणत गिदोन अंकलनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. भिंगारच्या चर्चमधली उपासना नुकतीच सुटली होती. समोर चर्चचा गायकवृंद, म्हणजे क्वायर, सांभाळणाऱ्या आराधनाबाई बसल्या होत्या. नाताळच्या गाण्यात एकट्याने म्हणायचं कडवं यंदा कुणाला द्यायचं, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. अंकलना ते कडवं हवं होतं. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काहीच नको होतं.

त्यासाठीच तर गुरुवारी अंकल स्वतः स्कूटरवर जाऊन बाईंना घरी घेऊन आले होते. आपलं गाणं त्यांनी मोबाईलवर भरून ठेवलं होतं. महिनाभर ते मोठ्या स्टिरिओवर सकाळ-संध्याकाळ वाजत होतं आणि त्यांच्या पत्नी दयाकाकू ते ऐकत भाकऱ्या थापत होत्या. आता बाईंना ऐकवायचं होतं. बाई आल्या, गच्चीवर लावलेली नाताळची दिव्याची चांदणी काय झळकतेय म्हणून काकूंचं कौतुक केलं आणि करंजी हातात घेऊन कान टवकारून बसल्या. अंकलनी बटण दाबलं. निळा दिवा लागला, आकडे पळायला लागले, पण आवाजाचं नाव नाही.

अंकलनी आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. मग स्टिरिओच्या टाळक्यात एक चापट दिली. मग बाजारातून मिक्सर दुरुस्त करणाऱ्या पुंजारामला बोलावलं. पुंजारामने आल्या आल्या झाकण उघडून जोरात फुंकर मारली, ती धूळ थेट बाईंच्या चहात. दुसऱ्या जागी लावून बघू म्हणून त्याने फ्रीजचा प्लग उपसला आणि गडबडीत तो परत लावायचा राहिला, फ्रीजचं दारही उघडंच राहिलं. केकसाठी आणलेलं लोणी ओघळत फरशीवर आलं आणि त्यावरून पुंजाराम सोफ्यापर्यंत विनातिकीट गेला.

“स्पीकरची वायर बघू का, अंकल?” त्याने पडल्या पडल्या विचारलं.

“ती मी स्वतः कपाटामागनं टाकलीय. मिलिटरीचं काम हाय ते. त्याला हात लावायचा न्हाई.”

मिलिटरीच्या कामाला हात कोण लावणार? पुंजारामने उरलेले सगळे स्क्रू काढले, त्यातले निम्मे परत बसवले. बाईंनी घड्याळ बघितलं आणि करंजी पर्समध्ये टाकून निघाल्या.

इथवर सगळं खरं होतं. पुढे मात्र अंकलनी गाडी उतारावर सोडून दिली.

“बाई, तुमी फाटकाबाहेर पडलात आन् स्टिरिओतनं माझा आवाज फुटला की! तासभर कोंडलेला. मांडणीवरली ताटं खाली आली. शेजारच्या सहादेवच्या शेळ्या गुडघ्यावर बसल्या. रस्त्यानं एक जवान सायकलवर चालला हुता, त्यानं उतरून सॅल्यूट ठोकला आन् विचारलं, कुठले साहेब बोलतायत?”

कट्ट्यावरची माणसं पुढे सरकली. कुणी म्हणालं, शेळ्यांचं ठीक आहे, पण जवान सॅल्यूट ठोकतो म्हणजे आवाजात काहीतरी असणारच. अंकलनी लगेच त्या जवानामागे त्याचा सुभेदारही आणून उभा केला. आराधनाबाईही विरघळल्या. खुद्द लष्कराने मान्यता दिल्यावर क्वायरने नको कसं म्हणावं? त्यांनी पर्समधून पेन काढलं.

“ठीक आहे अंकल, एवढा दम असेल तर यंदाचं कडवं...”

चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या दयाकाकू तिथेच थांबल्या.

“अहो, आवाज आला कुठनं?” त्या म्हणाल्या. “तुमी बाईंना आणायला गेल्ता तवाच म्या कपाटामागली वायर काढली. गच्चीवर चांदणी कशावर जळतीय मग?”