वॉर्ड नंबर चारचे परब

पहिल्या भेटीत परबांनी माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "मी परब. वॉर्ड नंबर चार."

कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. मला वाटलं, हे गृहस्थ इस्पितळातून आलेत. "आता बरं आहे ना?" मी काळजीने विचारलं.

"खयचा बरा, साहेब? गटार तुंबलाहा, दोन दिवे बंद, आणि नगरसेवक फोन उचलणा नाय."

मग उलगडा झाला. परब एसी मेकॅनिक, कोकणातल्या एका लहानशा शहरातले. तळमजल्यावर तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. कुवेतमध्ये त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण आमच्या इमारतीसमोरचा रस्ता तीन महिने खणलेला होता हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चार नंबर वॉर्डातल्या कुठल्या खांबावरचा दिवा कधी गेला हे मात्र ते झोपेतसुद्धा सांगत. सांगून झालं की एक वाक्य ठरलेलं: "लोकशाहीत गप रवणारो अर्धो गुन्हेगार."

मी पुण्याचा, बँकेत हिशेबनीस. माझ्या गल्लीचा नगरसेवक कोण हे मला आजही ठाऊक नाही. मी असा पुरा गुन्हेगार म्हणूनच बहुधा परबांनी मला हाताशी धरलं.

त्यांचा नगरसेवक बाबल हा त्यांचाच शाळासोबती. गेल्या निवडणुकीत परबांनी इथून घरोघर फोन करून त्याला निवडून आणला होता. बाबलने शब्द दिला होता एकच. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पावसात वाहून गेला होता. तो बांधून देईन. दोन पावसाळे आणखी गेले. वॉर्डातली पोरं आणि बायका हायवेच्या कडेने अर्ध्या तासाचा वळसा घालून जात होत्या. परबांच्या पत्नी सुनंदाताई बालवाडीत शिकवायच्या. दुखरा गुडघा घेऊन त्या रोज त्याच रस्त्याने.

एका शुक्रवारी सकाळी परब आमच्या दारात उभे राहिले. चेहरा लाल, हातात फुलस्केप कागद.

"साहेब, अर्ज लिवा. बाबलाक परत बोलवचो."

"कुठून परत बोलवायचा? तो तर तिथेच आहे."

"नगरपरिषदेतून. आमी धाडलो, आमीच परत बोलवणार."

मी वकील मित्राला फोन लावला. आपल्याकडे मतदारांनी नगरसेवकाला असं माघारी बोलवायची कायद्यात सोयच नाही, असं तो म्हणाला. मी ते परबांना सांगितलं.

"साकवाची सोय नाय, जाब इचारूची सोय नाय. मगे सोय हा कसली?" ते खुर्चीत बसले. "लिवा तुमी."

मी लिहिलं. पुढचे पाच शुक्रवार आमच्या घरात नुसती धामधूम होती. वॉर्ड चारचे एकूण नऊजण कुवेतमध्ये होते आणि परब त्या प्रत्येकाच्या सहीसाठी बसने फिरले. शुवैखच्या गॅरेजमध्ये एकाने गाडीखालूनच हात बाहेर काढून सही केली. कागदावर ग्रीसची पाचही बोटं उमटली. "पुरावो म्हणून ऱ्हवांदे," परब म्हणाले. फहाहीलच्या मासळीबाजारात एकजण उत्साहाने स्वतःहून सही करायला आला, तर परबांनी पेन मागे घेतलं. "तुझो वॉर्ड पाच. तुझो नगरसेवक तू बघ."

परक्या देशात घोळका जमवणं बरं नव्हे, म्हणून सगळी मंडळी चार-चारच्या पाळीने आमच्याकडे येत. माझी बायको मेधा सुरुवातीला कुरकुरली आणि तिसऱ्या शुक्रवारी मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू लागली. तिकडे सुनंदाताई दारोदार सह्या गोळा करत होत्या. रोज संध्याकाळी आकडा यायचा, परब जिना चढून तो सांगायला यायचे आणि मला, ज्याने जन्मात कधी घोषणा दिली नाही, त्या आकड्याची वाट पाहायची सवय लागली.

एकदा आमच्या मुलीने, सईने, सहज विचारलं, "काका, तुम्ही तर इथे असता. मग व्होट कसं करता?"

परबांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. "करूक मिळणा नाय गो," ते म्हणाले. "निवडणूक येता तेवा मी हयच."

अखेर सह्यांचा अर्ज बाबलकडे पोचला आणि वॉर्डाची सभा ठरली, तिथल्या देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी पाच वाजता. इथे दुपारचे अडीच. परब इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला. पलीकडे सुनंदाताईंनी त्यांचा फोन धरला होता. मंडप गच्च भरलेला, आणि समोर बाबल, घामाघूम.

परब दहा मिनिटं बोलले. मी आजवर ऐकलेल्या भाषणांत ते सगळ्यात चांगलं. साकव कुठल्या वर्षी कुणी घातला, पहिल्यांदा त्यावरून कोण गेलं, आता कोण कसं जातं, सगळं नावानिशी. मंडपात टाळ्या पडल्या. मेधानेही इथे टाळ्या वाजवल्या.

बाबल उठला. आता हा चिडणार असं मला वाटलं, पण त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि फोनमधल्या परबांकडे पाहिलं.

"चुकलंय," तो म्हणाला. "पावसाच्या आधी साकव बांधून देतंय. आत्ता, हय, सगळ्यांच्या म्होरं लिवन देतंय. पण शशी, रिबन कापूक तू येवचो. फोनवर नाय. सोता. पाच वर्सां झाली, तू तोंड दाखवक नाय. गायब कोण झालो, मी काय तू?"

मंडपात हशा पिकला. परबांनी फोन उचलला, कानाजवळ नेला, पुन्हा लांब धरला. "हॅलो? हॅलो? रेंज गेली," ते म्हणाले. "आवाज येणा नाय."

मी शेजारीच होतो. चित्र स्वच्छ होतं. पलीकडे सुनंदाताईंनी फोन स्वतःकडे वळवला होता, त्यांचा चेहरा पडदाभर दिसत होता.

"रेंज आसा," त्या हळूच म्हणाल्या. "माका तुमी दिसतास."

परबांनी फोन उपडा ठेवला आणि चप्पल घालून खाली निघून गेले.

संध्याकाळी ते मला समुद्राच्या कडेला बसलेले सापडले. मी बाजूला बसलो. मग ते सांगू लागले. दर वर्षी रजेची पाळी आली की ते ती खोलीतल्या कुणाला तरी देऊन टाकत; त्याचं पोर लहान, याची आई आजारी. "मागच्या खेपेक गेलंय," ते म्हणाले, "तर चवथ्या दिवसापासून जो भेटता तो इचारता, परत कधी जातलंस? घरात पेलो खय ठेवतत ता माका ठावक नाय. पाव्हण्यासारखो बसान ऱ्हवलंय. हयसून भांडतंय तवा निदान वॉर्डाक वाटता, परब आसा."

अंधार पडल्यावर आम्ही दोघे चालत इमारतीकडे परतलो.

साकवाचे खांब उभे राहिल्याचा फोटो आला त्या आठवड्यात परब पुन्हा आमच्या दारात आले. हातात कंपनीचा रजेचा फॉर्म होता. इंग्रजी असल्यामुळे तो मी भरायचा होता. नाव, हुद्दा, तारखा झाल्या. कारणाच्या रकान्याशी मी थांबलो.

"काय लिहू?"

"तुमका काय सुचता ता लिवा."

मी लिहिलं. त्यांनी कागद घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवत पाहिला आणि अर्थ विचारला.

"बायकोला भेटायचं आहे," मी सांगितलं.

परबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हापिसात इतक्या खरा लिवतत?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सही केली.