डाग न धरणारी शाल

"लग्नात नवीन काहीही विकत घ्यायचं नाही," मुलीने फोनवर बजावलं आणि डागकाकांनी हो म्हटलं. काकांची लाँड्री होती. कुठल्याही डागाची त्यांच्यापुढे डाळ शिजत नसे, म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलं होतं. पृथ्वी वाचवण्यासाठी मुलीने घातलेल्या सगळ्या अटी त्यांनी मान्य केल्या होत्या. आमंत्रणं तोंडी, कागद वाया नको. फुलं कुंडीतली, आणि कुंड्या परत जिथल्या तिथे.

"आणि मी आईची शाल घेणार. तिच्या लग्नातली, तांबडी."

"घे की."

"नीट आहे ना?"

"पेटीत आहे. तिला काय धाड भरलीय?"

फोन ठेवून काका पलंगाच्या कडेला बसले. शाल पेटीत नव्हतीच. बायको गेल्यावर पलंगाची रिकामी बाजू त्यांना बघवेना, तेव्हा एका दुपारी त्यांनी तिची शाल कापून तिच्याच उशीला अभ्रा शिवला होता. तेव्हापासून उशी तिच्या जागेवर असायची आणि झोप बरी लागायची. साठी उलटलेला माणूस रोज उशीला "दिवा मालवू का?" असं विचारतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलीला तर मुळीच नाही. लग्नानंतर ती दूरच्या शहरात नोकरीला जाणार होती. बाप इतका एकटा पडलाय हे कळलं असतं, तर ती जागची हलली नसती.

म्हणून काकांनी दुसऱ्याच दिवशी तशीच तांबडी शाल विकत आणली. ती प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवी खोक्यात होती आणि खोकं आणखी एका पिशवीत. आता तिला फक्त जुनी करायची होती. जन्मभर जुन्याचं नवं करणाऱ्या माणसाला हे काय अवघड, असं त्यांना वाटलं.

त्यांनी ती गरम पाण्यात धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. शाल उजळतच गेली. दगडाने घासली, तर आणखी मऊ झाली. शेवटी मन घट्ट करून त्यांनी तिच्यावर चहा ओतला. ज्या चहाशी त्यांनी उभा जन्म वैर धरलं, तो चहा शालीवरून घरंगळला आणि त्यांच्या पायावर पडला.

काकांनी दुकानदाराला फोन लावला. "हिच्यावर डाग का पडत नाही हो?"

"काका, तोच तर गुण आहे. ही डाग धरतच नाही. गॅरंटी आहे."

"पण मला पाडायचाय."

"मग स्वस्तातली न्यायची होती," दुकानदार म्हणाला.

आता काका इरेला पेटले. त्यांनी शाल मशीनमध्ये टाकली, रंग उतरवायची पावडर घातली आणि बटण दाबलं. होणाऱ्या जावयाचा पांढरा कोट, तोही त्याच्या वडिलांच्या लग्नातला, आधीच आत होता, हे पाणी तांबडं झाल्यावर लक्षात आलं. शाल डाग घेत नव्हती, पण देत मात्र होती. कोट गुलाबी निघाला. तो पांढरा करण्याच्या नादात इतकं पाणी आणि वीज गेली की तेवढ्यात दोन-तीन उधळी लग्नं सहज उरकली असती. कोट गुलाबीच राहिला.

रविवारी मुलगी आली. तिने शाल नाकाशी धरली.

"बाबा, हिला साबणाचा वास येतोय."

"मग लाँड्रीत काय अत्तराचा येणार?"

"आणि हा कोट?"

"पांढरा रंग म्हातारा झाला की असा पडतो."

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती हात धुवायला आत गेली. आत जायची वाट काकांच्या पलंगाजवळूनच होती. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने शाल उचलून खांद्यावर घेतली. "छान आहे शाल. हीच घेईन," एवढंच म्हणाली. काकांचा जीव भांड्यात पडला.

लग्नात नवरानवरी तांबड्या-गुलाबी जोडीत उठून दिसली. "कोटाचा रंग नैसर्गिक का हो?" नवऱ्याच्या आत्याने कौतुकाने विचारलं.

"अगदी. आपोआप आलेला," काका म्हणाले.

दुपारी बसच्या आधी मुलगी "बॅग राहिली" म्हणून एकटीच घरी जाऊन आली. मग बस सुटली. वळणाआड जाईपर्यंत काका हसऱ्या तोंडाने हात हलवत राहिले, आणि नंतर तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

संध्याकाळी ते घरी आले, पलंगावर बसले आणि सवयीने उशीवर हात ठेवून एकदम ओरडले. अभ्र्याला सुई लटकत होती. त्यांनी दिवा लावला. उशीची एक बाजू बायकोच्या शालीची होती. दुसरी बाजू उसवून तिथे मुलीच्या लग्नातली शाल जोडली होती, शाळेत असताना ती बटणं लावायची तशाच वेड्यावाकड्या टाक्यांनी.

फोन वाजला. "बाबा, सुई काढायची राहिलीय. जपून."

"टोचली."

"आईची एक बाजू मी आणलीय. चालेल ना?"

"चांगली नवी शाल कापलीस?"

"वाया कुठे घालवली?" बसचा आवाज येत होता. "बाबा, एकटं वाटतं का हो?"

नेहमीचं उत्तर तोंडाशी होतं: दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत, वेळ कुठे असतो. "वाटतं," काका म्हणाले.

"मलाही."

फोन ठेवल्यावर ते उशीवर कलंडले. मुलीच्या बाजूवरून पाणी घरंगळून चादरीवर गेलं. दुकानदाराची गॅरंटी खरी होती. मग त्यांनी उशी उलटली. बायकोच्या बाजूने ते मुकाट्याने टिपून घेतलं, आणि हा डाग काही आपण काढायचा नाही, असं डागकाकांनी ठरवून टाकलं.