आकाशाच्या डाव्या-उजव्याची बखर

श्री. ज्याचे रूप कोणत्याही आरशात मावत नाही, त्यास दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सर. एक राज्य होते. नाव लिहीत नाही. ज्यास ओळखावयाचे तो ओळखील.

तेथील महाराजांनी फिरंग्यांची थोर दुर्बीण मागविली, आणि दरबारचे ज्योतिषी त्रिंबकभट घैसास यांनी तीतून पाहिले, तो दूर अंधारात तेजाचे शंख दिसले, कोणी उजवीकडे वळलेले, कोणी डावीकडे. मग चिताऱ्यांनी त्यांची चित्रे केली, आणि देवळातले पुजारी मोजावयास बसविले, आणि त्यांनी सांगितले की उजवे बहुत, डावे थोडे. महाराज संतोष पावले. कारभारी मल्हारपंत तर हर्षाने फुगले आणि म्हणाले, "सृष्टीच उजवी, महाराज! मग डावऱ्यांचे राज्यात काय काम?" आणि हुकूम लिहिला की जो डाव्या हाताने काम करील तो सहकुटुंब हद्दपार, ज्योतिष्यांनी आकाश उजवे अशी सही द्यावी की हुकूम लागू. आता त्रिंबकभट स्वतः जन्माचे डावरे. सही केली तर घरदार सुटणार, न केली तर गर्दन.

ते भर दरबारी उभे राहिले आणि म्हणाले, "सही करणार नाही. आधी परीक्षा."

पंत हसले. "भटजी, हा तुमचा डावा हात बोलतो आहे."

"बोलतोच आहे. म्हणून माझा शब्द घेऊ नका, आरसा आणा. आरसा काही डावरा नाही. त्यात उजवा शंख डावा दिसतो. आकाश खरेच उजवे असेल, तर आरशात पाहून मोजता डावे जास्त निघाले पाहिजेत."

"आणि निघाले तर?" महाराजांनी पुसले.

"तर आकाश उजवे असे लिहून देईन. खोटे लिहिणार नाही. पण हुकूम तेव्हाही अन्यायाचाच."

मग राणीवशातून मोठा आरसा आणविला, आणि पुजाऱ्यांना त्याकडे तोंड करून बसविले, आणि मागे तीच चित्रे धरली. त्यांनी मोजले आणि सांगितले, उजवेच बहुत!

दरबार थक्क झाला. भटजी म्हणाले, "जन्मभर देवाला प्रदक्षिणा घालता, डोळ्यांना तेच वळण पडले. पुसट शंख दिसला की उजवा म्हणून मोकळे होता. कल तुमच्या नजरेत आहे."

महाराजांचा चेहरा लाल झाला. "मग आकाश कसे आहे?"

"ठाऊक नाही. पुन्हा मोजावे लागेल."

"ते राहू द्या. सही करा!"

"नाही."

महाराजांनी मारेकऱ्यास खूण केली. तोच सरनोबत हैबतराव उठले, ज्यांनी सारी हयात तलवार उजव्या हाताच्या लोकांप्रमाणे डाव्या कमरेस मिरविली होती. त्यांनी पट्टा सोडला, आणि सर्वांदेखत तलवार उजव्या कमरेस बांधली, आणि डावा हात मुठीवर ठेवून म्हणाले, "महाराज, लोकलाजेने लपविले, पण रणात मी याच हाताने वार करतो. हद्दपारीची सुरुवात आम्हापासून व्हावी."

कोणी हलेना. मग महाराजांनी हुकूम मागून घेतला आणि स्वहस्ते फाडला, आणि पंत जमिनीकडे पाहू लागले.

एवंच, आकाशाचा निवाडा अद्याप लागला नाही. डावऱ्यांचा त्याच दिवशी लागला. घडले तसे लिहिले, रुचेल त्याने वाचावे.