पेडणेकरांचा डावा फ्लिपर

आमच्या समोरच्या दारात राहणारे पेडणेकर दर रविवारी सकाळी दहाला एक यंत्र दुरुस्तीला घ्यायचे, दीडला हात धुवायचे आणि ते चालतं की नाही हे कधीही बघायचे नाहीत. सहा वर्षं मी हे पाहिलं. मी गणिताचा मास्तर. परीक्षा घेतल्याशिवाय निकाल लावणं मला जमत नाही. या एका माणसाने माझं डोकं जेवढं फिरवलं तेवढं अख्ख्या आठवी ‘ब’ने फिरवलं नसेल.

यंत्र म्हणजे पिनबॉल. तिरकं टेबल, वर काच, आत लोखंडी गोळी. गोळी घरंगळत खाली आली की तिला परत वर फटकावायला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. मागच्या उभ्या फळीवर चकत्या फिरून गुण दाखवतात. पेडणेकर कल्याणच्या एका गेम पार्लरमध्ये मेकॅनिक होते. पार्लर बंद पडलं तेव्हा मालकाने हे जुनं धूड त्यांच्या गळ्यात मारलं आणि त्यांच्या डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये ते कपाट आणि पलंग यांच्या मधोमध येऊन बसलं. पाहुण्याला मोरीकडे जायचं तर पोट आत घ्यावं लागायचं.

“डावा फ्लिपर ढिला आहे,” पेडणेकर सांगायचे. दर रविवारी तोच. कॉइल सोडवायची, आतली नळी पुसायची, कॉन्टॅक्ट बारीक कानशीने घासायचे, पुन्हा सगळं बसवायचं. मग बोटाने फ्लिपर उचलून बघायचा, “अजून नाही,” म्हणायचं आणि काच लावून टाकायची.

“अहो काका, बोटाने काय कळणार? चालू करून बघा ना!” फ्लिपरला वीज मिळते ती गेम सुरू असतानाच, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

“घाई केली की कॉइल जळते, सर.”

हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीवर त्यांचं हेच मत. आमच्या मुलीचं लग्न जमेना तेव्हा माझ्या बायकोलाही त्यांनी हेच ऐकवलं. ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण एकदा केबलवाल्याने सहज स्टार्टच्या बटणाकडे हात नेला, तर मुंगीलाही वाट देणारा हा माणूस असा ओरडला की खालचा इस्त्रीवाला धावत वर आला.

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घरं रिकामी करायची तारीख आली. पेडणेकरांची मुलगी मीनल ठाण्यात बाळकुमला राहते. ती बापाला घेऊन जायला तयार होती, पण तिने साफ सांगितलं, “बाबा, मशीन चालत असेल तरच आणा. पोरं तरी खेळतील. बंद खोकं ठेवायला जागा नाहीये माझ्याकडे.” म्हणजे चाललं तर बाळकुम, नाही तर भंगारवाला.

तीन रविवार उरले होते. तिन्ही रविवारी पेडणेकर मान हलवत म्हणाले, “अजून नाही.”

माझा जीव कासावीस व्हायला लागला. काकू जाऊन सहा वर्षं झालेली. या माणसाकडे ना मित्र, ना टीव्ही, ना देवदेव. ते धूड भंगारात गेलं तर हा बाळकुमच्या पंधराव्या मजल्यावर रविवारी दहा वाजता करणार काय?

निघायच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेलो. मीनल टेम्पो घेऊन येतच होती, भंगारवालाही येऊन खाली बिडी ओढत बसला होता. पेडणेकर सुतळी आणायला खाली उतरले. यंत्राची काच नुकतीच पुसलेली होती. मी म्हटलं, आता शेवटची संधी. प्लग लावला आणि स्टार्टचं बटण दाबलं.

खडखडाट करत मागच्या चकत्या फिरल्या, दिवे लागले, गोळी पुढे आली. मी डावं बटण दाबलं. फाडकन! फ्लिपर असा उसळला की मीच दचकलो. उजव्यापेक्षा खणखणीत. मी पुन्हा पुन्हा दाबत सुटलो.

“काका!” पावलं ऐकून मी ओरडलो. “पास! डिस्टिंक्शनमध्ये पास!”

पेडणेकर दारात उभे होते, हातात सुतळीचा गुंडा. त्यांनी फ्लिपरकडे पाहिलंच नाही. ते मागच्या फळीकडे बघत होते. तिथे ओळीने शून्यं होती.

“अठ्ठेचाळीस हजार सातशे तीस होते,” ते म्हणाले. “हिचे.”

मला काहीच समजेना. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि सुतळीचं टोक शोधत बोलू लागले.

“कुकर लावला की ही एक गेम खेळायची. तीन शिट्ट्या होईपर्यंत. रोज म्हणायची, डावा ढिला आहे हो, बघा ना जरा. पार्लर होतं तोवर तिथली सगळी मशिनं मी बघायचो, सर. आणि हिला म्हणायचो, रविवारी बघतो. एक दिवस तिने एवढे गुण केले. डाळ करपली तरी हलली नाही. मग आजारी पडून हॉस्पिटलात गेली ती घरी आलीच नाही. दुसऱ्या रविवारी मी फ्लिपर उघडला. प्लग काढला तरी चकत्या जागच्या हलत नाहीत, पण नवी गेम सुरू केली की आधीचे गुण जातात. याला इलाज नाही.”

“फोटो... फोटो तरी काढलेला?”

“नाही सुचलं. समोरच तर होते.”

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं एक माणूस बायकोचा शब्द पाळत होता आणि तिचं शेवटचं लिखाणही जपत होता, आणि मी शहाण्याने येऊन ते फळा पुसावा तसं पुसलं.

तेवढ्यात मीनल वर आली. तिने पेटलेले दिवे पाहिले, हसली आणि मग तिची नजर वर गेली.

“बाबा... आईचे गुण कुठे गेले?”

मी तोंड उघडलं. पेडणेकर माझ्याआधी उठले.

“मीच दाबलं स्टार्ट,” ते म्हणाले. “किती दिवस अडवून ठेवायचं? पोरं खेळू देत आता. इतकी वर्षं हिंमत होत नव्हती गं. आज सर सोबत होते म्हणून झाली.”

मीनलने माझा हात दोन्ही हातांत धरला. “थँक्यू, काका,” ती म्हणाली आणि रडायला लागली. पेडणेकर पाठ करून यंत्राचे पाय सोडवायला बसले, आणि मला काही तो हात सोडवून घेता येईना.